खांद्याच्या हाडातली साधी गाठ: शस्त्रक्रिया ठरवावी कशी, करावी कशी

खांदा दुखतो म्हणून एमआरआय होतो आणि रिपोर्टात दोन गोष्टी येतात. एक, रोटेटर कफची (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंची) कंडरा झिजलेली. दोन, दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकात कूर्चेची गाठ, एनकॉन्ड्रोमा. घरचे घाबरतात ते दुसऱ्या ओळीने, पण दुखणे बहुतेक वेळा पहिल्या ओळीतले असते. खांद्याच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये शंभरातल्या दोनेक जणांना अशी गाठ सहज सापडते आणि त्यातल्या बहुतेकांना तिच्यासाठी कधीच ऑपरेशन लागत नाही. पटकन गाठ खरवडून मोकळे होण्याची घाई इथेच सर्वांत जास्त होते. खरवडलेल्या हाडाचे दुखणे मूळ खांदेदुखीत मिसळते आणि मग कशाने काय दुखते ते कोणालाच सांगता येत नाही.

हे मार्गदर्शन मुख्यतः अस्थिशल्य शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. रुग्ण आणि घरच्यांनीही वाचावे, म्हणजे सर्जनला नेमके काय विचारायचे ते कळेल. भर दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकावर दिला आहे, कारण खांद्यातल्या अशा साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, गाठी सर्वाधिक तिथेच असतात.

आधी गाठीचे नाव

वय आणि जागा यांवरून निम्मे निदान होते. वय २० ते ४०, गाठ हाडाच्या अगदी टोकाला, सांध्याच्या कूर्चेला भिडलेली, कडेला पांढरी रेघ नाही: जायंट सेल ट्यूमर समजून चाला. किशोरवय ते पंचविशी, गाठ दंडाच्या गोलकात (हाडाच्या वरच्या गोल डोक्यात) किंवा ग्रेटर ट्युबरॉसिटीत (गोलकाच्या बाहेरच्या उंचवट्यात), आत बारीक चुन्याचे ठिपके आणि भोवती एमआरआयवर मोठी सूज: कॉन्ड्रोब्लास्टोमा. अमेरिकन सर्जन कॉडमन यांनी १९३१ साली हिचे वर्णन याच जागेवरून केले होते. हाडाच्या मध्यभागी लाह्यांसारखे चुन्याचे ठिपके दिसले तर एनकॉन्ड्रोमा. रात्री दुखून जाग येते आणि साध्या वेदनाशामक गोळीने तासाभरात आराम पडतो, तर ऑस्टिऑइड ऑस्टिओमा शोधा. तो साध्या एक्स-रेत निसटतो, त्यासाठी १ मिमी जाडीच्या कापांचा सीटी लागतो.

एमआरआयवर द्रवाचे थर दिसले की रिपोर्टात ‘अॅन्युरिझमल बोन सिस्ट’, म्हणजे रक्ताने भरलेली हाडातली पोकळी, असे लिहून येते. असे थर जायंट सेल ट्यूमरमध्येही दिसतात आणि टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा या घातक कर्करोगातही दिसतात. म्हणून थर दिसले एवढ्यावर कोणीही खरवडायला घेऊ नये.

चाळिशीनंतर हाडात नवी पोकळी दिसली की दुसरीकडून पसरलेला कर्करोग किंवा मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) नाही हे आधी सिद्ध करायचे. हिमोग्लोबिन, ईएसआर, सीआरपी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइड हार्मोन, ड जीवनसत्त्व, सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि पुरुषांत पीएसए एवढ्या तपासण्या करा. यातला कॅल्शियमचा आकडा फार महत्त्वाचा. तो वाढलेला आणि पॅराथायरॉइड हार्मोनही वाढलेले असेल तर हाडातली ‘गाठ’ ब्राउन ट्यूमर असू शकते. तिचे ऑपरेशन मानेत होते, खांद्यात नाही. मानेतली वाढलेली पॅराथायरॉइड ग्रंथी काढली की हाड आपोआप भरत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली ब्राउन ट्यूमर आणि जायंट सेल ट्यूमर जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे पॅथॉलॉजिस्टला रक्ताचे रिपोर्ट सांगितले नाहीत तर चूक ठरलेलीच.

आपल्याकडे क्षयाचा विचार सुटता कामा नये. खांद्याचा कोरडा क्षय पू न होता गोलक खातो आणि दिसायला सिस्टसारखा असतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंची हाडे खाल्लेली दिसली किंवा खांदा फार आखडलेला असला तर क्षय आधी तपासा.

एनकॉन्ड्रोमा की सुरुवातीचा कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेचा कर्करोग), हा प्रश्न बायोप्सीने नीट सुटत नाही. पेशी दोन्हींत सारख्याच दिसतात. निर्णय चित्रांवर घ्यावा लागतो: आतून कुरतडल्यामुळे कॉर्टेक्सची (हाडाच्या बाहेरच्या टणक कवचाची) दोन-तृतीयांशाहून जास्त जाडी गेली आहे का, कॉर्टेक्स फुटला आहे का, बाहेर मांसल भाग आला आहे का, आणि खांद्याची हालचाल न करता रात्री दुखते का. यातले काहीच नसेल तर पहिली फेरतपासणी ३ ते ६ महिन्यांनी, मग वर्षाने. दुखणे नेमके कशाचे हे ठरवण्यासाठी अॅक्रोमियनखाली (खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाखाली) भुलीचे इंजेक्शन द्या. त्याने दुखणे थांबले तर गाठीला दोष देऊ नका.

बायोप्सी: जागा चुकली तर पुढचे सगळे चुकते

बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेणे) करणारा आणि अंतिम ऑपरेशन करणारा एकच असावा, निदान दोघांनी आधी बोलून मार्ग ठरवावा. सुईचा मार्ग डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरच्या जाड स्नायूच्या पुढच्या तिसऱ्या भागातून सरळ हाडात जावा. डेल्टॉइड आणि छातीचा पेक्टोरालिस स्नायू यांमधली फट सोपी दिसते, पण तिथून जाऊ नये. गाठ घातक निघाली तर रक्त त्या फटीतून छातीच्या स्नायूकडे आणि काखेतल्या नसा-रक्तवाहिन्यांकडे पसरलेले असते. डेल्टॉइडची नस, अॅक्सिलरी नर्व्ह, त्यात मागून पुढे येते, त्यामुळे पुढची पट्टी कापून काढावी लागली तरी उरलेला स्नायू जिवंत राहतो.

सुई शक्यतो सीटी किंवा सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारे यंत्र) घालावी, एकाच छिद्रातून तीन-चार तुकडे घ्यावेत. एक भाग १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला. दुसरा निर्जंतुक डबीत सलाइनमध्ये कल्चर आणि क्षयाच्या सीबीनॅट या जनुकीय तपासणीला. सगळे फॉर्मॅलिनमध्ये टाकले की जंतू मरतात आणि क्षयाचे निदान हातचे जाते. ही चूक वारंवार होते, म्हणून डब्या आधीच नावे घालून टेबलावर मांडाव्यात. जंतुसंसर्गाची शंका असेल तर अँटिबायोटिक तुकडे घेतल्यानंतरच द्या.

पॅथॉलॉजिस्टला एक्स-रे दाखवल्याशिवाय स्लाइड वाचायला देऊ नये. शंका असल्यास पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) घेऊन हाडांच्या गाठींचा अनुभव असलेल्या केंद्रात दुसरे मत घ्या. महाराष्ट्रात परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल ही त्यासाठीची ठरलेली जागा. जायंट सेल ट्यूमरमध्ये एच३.३ जी३४डब्ल्यू, कॉन्ड्रोब्लास्टोमात के३६एम आणि अॅन्युरिझमल सिस्टमध्ये यूएसपी६ जनुकाचा बदल शोधता येतो.

हाड गाठीतून मोडले असेल तर सर्वांत मोठा मोह लगेच प्लेट किंवा रॉड घालण्याचा असतो. निदानाआधी रॉड घातला आणि गाठ घातक निघाली तर पोकळीतल्या पेशी हाडाच्या पूर्ण लांबीभर पसरतात. हात झोळीत ठेवा, बायोप्सी करा. साध्या गाठीतले मोडलेले हाड बहुधा पाच-सहा आठवड्यांत जुळते, आणि जुळल्यावर खरवडणे सोपे जाते.

तयारी

पोकळीचे आकारमान सीटीवरून काढा: लांबी × रुंदी × खोली × ०.५२. म्हणजे ४ × ३ × ३ सेंमीची पोकळी साधारण १९ मिली. बर (भिंती घासणारे वेगवान फिरते यंत्र) फिरवल्यावर ती आणखी वाढते, २५ ते ३० मिली धरा. कमरेच्या हाडाच्या पुढच्या कडेतून स्पंजी हाड साधारण १० ते १५ मिली मिळते, म्हणजे ते एकटे पुरणार नाही. उरलेल्यासाठी टिश्यू बँकेतले हाड किंवा बोन सिमेंट. टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले हाड देते. मागणी आधी नोंदवावी लागते.

अॅन्युरिझमल सिस्ट आणि मोठा जायंट सेल ट्यूमर खूप रक्त सांडतात, आणि खांद्याला रक्त थांबवणारा आवळपट्टा (टुर्निके) बांधता येत नाही. शक्य असेल तर ऑपरेशनच्या २४ ते ४८ तास आधी रक्तवाहिन्या बंद करण्याची एम्बोलायझेशन प्रक्रिया करावी. दोन पिशव्या रक्त आणि ट्रानेक्झामिक अॅसिड १ ग्रॅम तयार ठेवा. जायंट सेल ट्यूमरसाठी छातीचा सीटी करायलाच हवा. ‘साधी’ म्हटली तरी ही गाठ थोड्या लोकांत फुप्फुसात जाते.

डेनोसुमॅब या औषधाबद्दल रुग्ण हल्ली स्वतःच विचारतात. दर चार आठवड्यांनी १२० मिग्रॅ, आणि पहिल्या महिन्यात ८व्या व १५व्या दिवशी जादा डोस, असा क्रम असतो. ते गाठीभोवती हाडाचे कवच बनवते, आणि अडचण तिथेच आहे: त्या नव्या हाडात पेशी दडून राहतात आणि खरवडल्यानंतर गाठ परत येण्याचा धोका वाढतो. सहज खरवडता येणाऱ्या गाठीला ते देऊ नये. सांधाच काढावा लागेल अशी स्थिती असेल तरच थोडे डोस देऊन पाहावेत, आणि आधी दात तपासून घ्यावेत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारा. पूर्वमंजुरीशिवाय ऑपरेशन झाले की मागाहून कागद जुळत नाहीत.

खरवडणे आणि भरणे

पूर्ण भूल, सोबत मानेतला इंटरस्केलीन ब्लॉक, म्हणजे हाताच्या नसा सुन्न करणारे इंजेक्शन. ब्लॉक देण्याआधी अॅक्सिलरी नर्व्हची संवेदना आणि डेल्टॉइडची ताकद तपासून कागदावर लिहा. नंतर हात सुन्न असताना नस दुखावली की ब्लॉकचा परिणाम आहे, हे सांगता येत नाही. ब्लॉकने त्या बाजूचा श्वासपटल काही तास अर्धवट बंद पडतो, त्यामुळे फुप्फुस कमजोर असलेल्यांना तो टाळावा.

पाठ ३० ते ४५ अंश उचललेली अर्धबैठक. कापण्याआधी सी-आर्म फिरवून समोरचे आणि काखेतून घेतलेले दोन्ही चित्र दिसते याची खात्री करा. संसर्गाची शंका नसेल तर सेफाझोलिन २ ग्रॅम, काप घेण्यापूर्वीच्या तासाभरात.

काप कोराकॉइडपासून (फऱ्याच्या पुढे आलेल्या टोकापासून) खाली डेल्टॉइडच्या जोडाकडे, १० ते १२ सेंमी. जायंट सेल ट्यूमरमध्ये बायोप्सीचा व्रण मार्गासकट लंबगोल कापून काढा. सेफॅलिक शीर सांभाळून बाजूला घ्या. निदान पक्के असल्यावर डेल्टोपेक्टोरल फटीतून जाण्यास हरकत नाही. हात थोडा बाहेर वळवला की अॅक्सिलरी नर्व्ह सबस्कॅप्युलारिस या खांद्यासमोरच्या स्नायूच्या खालच्या कडेपासून दूर जाते, तरी ती बोटाने चाचपून घ्यावी. ग्रेटर ट्युबरॉसिटीतल्या छोट्या गाठीसाठी बाजूने डेल्टॉइड तंतूंच्या दिशेने उघडता येतो, मात्र अॅक्रोमियनच्या कडेपासून ५ सेंमीच्या खाली नाही. तिथे टाका घालून ठेवा, म्हणजे स्नायू ओढताना फाटत जाणार नाही.

कॉर्टेक्स आधीच पातळ झाला असेल तर खिडकी तिथेच करा. नसेल तर बायसेप्सच्या खाचेच्या बाहेरच्या अंगाला, खाचेपासून साधारण १ सेंमी सोडून. खाचेच्या कडेने गोलकाला रक्त देणारी शाखा वर जाते. खिडकीची सीमा २.५ मिमीच्या ड्रिलने ठिपके पाडून आखा आणि ऑस्टिओटोमने (हाडाच्या छिन्नीने) जोडा. आकार लंबगोल हवा. चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यातून हाड तडकते.

खिडकी किती मोठी? पोकळीचा प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसेल एवढी, म्हणजे जवळपास पोकळीच्या लांबीइतकी. हाड कमजोर होईल या भीतीने ती लहान ठेवली की शहाळ्याच्या बारीक भोकातून मलई काढावी तशी गत होते: समोरची निघते, कडेची राहते. गाठ परत येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. हाड कमजोर झाले तर प्लेट आहे. राहिलेल्या गाठीला उपाय दुसऱ्या ऑपरेशनचाच.

आत शिरण्याआधी भोवतीचे मांस ओल्या पट्ट्यांनी झाका, गाठीचे कण जखमेत सांडू नयेत. आधी मोठे, मग लहान, मग वाकडे क्युरेट (खरवडण्याचे चमचे). दोन जागा हमखास राहतात: गोलकाखालची वरची-आतली घळ आणि ट्युबरॉसिटीच्या मागची बाजू. तिथे दंतवैद्याचा छोटा आरसा किंवा आर्थ्रोस्कोपचा कॅमेरा घालून पाहावे. पोकळीतले हाडाचे उभे कंगोरे क्युरेटने साफ होत नाहीत, त्यांच्यामागे गाठ लपते. ते हाय-स्पीड बरने उडवा आणि सगळ्या भिंतींवरून २ ते ३ मिमी बर फिरवा. सांध्याच्या कूर्चेखाली मात्र हात हलका ठेवा. बर चालू असताना सलाइनची धार सोडा, नाहीतर उष्णतेने हाड मरते. शेवटी २ ते ३ लिटर सलाइनने धुवा.

यापुढे रासायनिक किंवा थंड उपचार. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सोपे, पण बंद पोकळीत दाबाने सोडू नये, वायू रक्तात शिरू शकतो. फिनॉल कापसाच्या बोळ्याने भिंतींना लावून अल्कोहोलने धुतात. नसेला लागले तर भाजते. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा, प्रभावी खरा, पण इथे अॅक्सिलरी नर्व्ह जवळ आणि नंतर हाड मोडण्याचा धोका मोठा. आमच्या मते बर नीट फिरवला असेल तर यातले कोणते वापरले याने फारसा फरक पडत नाही, आणि बर नीट फिरवला नसेल तर यातले काहीही ती कसर भरून काढत नाही. एनकॉन्ड्रोमाला खरवडणे आणि बर पुरेसे आहे.

भरायचे काय, हे गाठीवर ठरते. जायंट सेल ट्यूमरमध्ये सिमेंट: हात लगेच हलवता येतो, घट्ट होतानाच्या उष्णतेने उरलेल्या पेशी मरायला मदत होते, आणि गाठ परत आली तर सिमेंटच्या कडेला काळी पट्टी लवकर दिसते. फक्त कूर्चेला लागून सिमेंट नको. तिथे आधी १ सेंमी स्पंजी हाडाचा थर, त्यावर जेलफोम (विरघळणारा स्पंज), मग सिमेंट. नेहमीच्या पाकिटात ४० ग्रॅम भुकटी आणि २० मिली द्रव असतो. उन्हाळ्यात थिएटर गरम असेल तर ते अपेक्षेपेक्षा लवकर कडक होते, म्हणून पाकीट थंड ठेवा. भरताना सी-आर्मवर पाहा, मागच्या भिंतीतल्या न दिसलेल्या छिद्रातून ते काखेकडे जाऊ शकते.

कॉन्ड्रोब्लास्टोमा, अॅन्युरिझमल सिस्ट आणि साध्या सिस्टमध्ये हाड भरावे. कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्या भरल्या तर काही जणांच्या जखमेतून काही दिवस ते काही आठवडे पांढरट पाणी येते. त्याला पू समजून जखम उघडू नका. ताप नाही, लाली नाही आणि कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत तर ते थांबते. फायब्रस डिस्प्लेझियात (हाडाच्या जागी तंतुमय ऊती वाढते तो रोग) कमरेचे स्पंजी हाड भरणे व्यर्थ, वर्ष-दोन वर्षांत त्याचेही तसेच रोगट हाड होते. तिथे कॉर्टिकल हाडाचा दांडा किंवा प्लेट.

पोकळीने हाडाच्या घेराचा मोठा भाग घेतला असेल किंवा गाठ दंडाच्या हाडाच्या मानेपर्यंत (गोलकाखालच्या निमुळत्या भागापर्यंत) उतरली असेल तर लॉकिंग प्लेट लावा: वरचे टोक ग्रेटर ट्युबरॉसिटीच्या माथ्यापासून ५ ते ८ मिमी खाली, खाचेच्या २ ते ४ मिमी बाहेर. गोलकातले स्क्रू कूर्चेच्या ५ मिमी अलीकडे थांबावेत. ड्रेन (जखमेतले रक्त बाहेर काढणारी नळी) टाकलाच तर कापाच्या रेषेत आणि कापाजवळ बाहेर काढा. दूर काढलेला ड्रेन गाठीच्या पेशींना नवा रस्ता देतो.

खरवडलेला सगळा माल पॅथॉलॉजीला पाठवा, निवडक तुकडा नाही. आधीच्या बायोप्सीशी अहवाल जुळला नाही तर फिजिओथेरपीपेक्षा पॅथॉलॉजिस्टला फोन आधी.

ज्यांना खरवडणे लागत नाही

ऑस्टिऑइड ऑस्टिओमात सीटीखाली सुई घालून ९० अंशांवर ४ ते ६ मिनिटे रेडिओफ्रीक्वेन्सीची (रेडिओलहरींची) उष्णता दिली की बहुतेकांची रात्रीची वेदना काही दिवसांत जाते. नस १ सेंमीच्या आत असेल तर मात्र उघडून काढावे लागते.

ऑस्टिओकॉन्ड्रोमा (हाडावर वाढलेला, कूर्चेची टोपी असलेला उंचवटा) फऱ्याच्या आतल्या बाजूला असला की हात उचलताना कटकट वाजते आणि फरा पंखासारखा बाहेर येतो. तो बुडासकट, कूर्चेची टोपी न फोडता काढायचा. टोपीचा तुकडा राहिला तर परत वाढतो. वाढीचे वय संपल्यावरही तो वाढत असेल किंवा टोपी २ सेंमीपेक्षा जाड असेल तर तो साधा राहिलेला नसण्याची शक्यता धरा. फऱ्यातली कूर्चेची गाठ तशीही दंडातल्या गाठीपेक्षा जास्त संशयाने पाहावी.

कंडरा फाटलेल्या खांद्यात ट्युबरॉसिटीत दिसणारे बारीक सिस्ट गाठी नसतात. कंडरेचा इलाज करा, त्यांना हात लावू नका.

ऑपरेशननंतर

दुसऱ्या दिवसापासून बोटे, मनगट, कोपर हलवणे आणि कमरेत वाकून हात लोंबता फिरवणे. सिमेंट आणि प्लेट असेल तर दुसऱ्या हाताच्या आधाराने हात वर नेणे पहिल्या आठवड्यातच. फक्त हाड भरले असेल तर ६ आठवडे झोळी, १ किलोपेक्षा जास्त काही उचलायचे नाही, ताकदीचे व्यायाम १२ आठवड्यांनंतर. सबस्कॅप्युलारिस सोडवून परत शिवला असेल तर ६ आठवडे हात बाहेर वळवण्यावर बंधन, अंश किती ते सर्जनने लिहून द्यावे. दुचाकी ८ आठवड्यांच्या आत नको. शेतीचे, ओझ्याचे काम ४ ते ६ महिन्यांनी, एक्स-रे पाहूनच. हाडवैद्याकडची मालिश या काळात पूर्ण वर्ज्य. पोकळी भरत असताना खांदा ओढून ‘बसवला’ की हाड मोडते.

डेल्टॉइडने हात उचलला जात नसेल तर नस ओढली गेल्याने असू शकते, बहुतेक ३ ते ६ महिन्यांत सुधारते. नसा-स्नायूंची विद्युत तपासणी (ईएमजी) ३ आठवड्यांनंतर करा, त्याआधी ती खोटा दिलासा देते.

जायंट सेल ट्यूमरमध्ये पहिली दोन वर्षे दर ३ ते ४ महिन्यांनी खांद्याचा एक्स-रे आणि छातीची तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. नुसते खरवडले तर ही गाठ जवळपास निम्म्या रुग्णांत परत येऊ शकते. बर आणि पूरक उपचारांनी ते प्रमाण १० ते २५ टक्क्यांच्या आसपास येते. अॅन्युरिझमल सिस्टही परतली तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच परतते. सिमेंटभोवती पातळ काळी रेघ आणि तिच्या बाहेर पांढरी कड, हे चांगले लक्षण. रेघ एका भेटीपासून पुढच्या भेटीपर्यंत रुंदावत गेली, पांढरी कड तुटली किंवा थांबलेले दुखणे पुन्हा सुरू झाले तर लगेच एमआरआय. धातूच्या प्लेटमुळे चित्र बिघडते, त्यासाठी रेडिओलॉजिस्टला प्लेट असल्याचे आधी सांगून धातूचा अडथळा कमी करणारे सिक्वेन्स मागून घ्या. जुने एक्स-रे प्रत्येक भेटीला बरोबर न्या, कारण रेघ रुंदावली की नाही हे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.